शाकारलेली बोट पुन्हा पाण्यात: काठावर चालणारं इंजिन खाडीच्या तोंडाशी का बसतं?

गणपतींचं विसर्जन झालं की मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात शाकारलेल्या, म्हणजे पावसाळ्यासाठी काठावर झाकून ठेवलेल्या, बोटींवरच्या ताडपत्र्या निघायला लागतात. मेच्या अखेरीला बंद झालेली प्रवासी वाहतूक ३१ ऑगस्टनंतर पुन्हा सुरू होते. तोवर आउटबोर्ड इंजिनं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं, तीन महिन्यांहून जास्त काळ कुणाच्या पडवीत, कुणाच्या मांगरात उभी असतात. पहिल्या दिवशी बहुतेक सुरू होतात. दोरी पाच-सहा वेळा ओढावी लागते, पांढरा धूर येतो, मग ठोका लागतो. आणि त्यानंतर आठवडाभर वाडीत एकच तक्रार ऐकू येते: ‘काठार बरा चलता, भायर गेला काय मरता.’

माझ्याकडे २२ फुटी फायबर बोट आहे, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. दोन सिलिंडर, एक कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), २४ लिटरची लाल प्लास्टिकची टाकी. सलग तीन वर्षं मला हेच दुखणं झालं. पहिल्या वर्षी मेस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडून साफ केला, इंजिन सुधारलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या वर्षी कार्ब्युरेटर परत साफ केला, प्लग नवे घातले, इंधन-पंपाचा पडदा बदलला. या वेळी महिनाभर बरं चाललं.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात आठ पाहुणे घेऊन मी कर्ली नदीच्या मुखाकडे निघालो होतो. त्यांत दोन लहान मुली होत्या. सुकती लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. संगमाच्या अलीकडे थ्रॉटल वाढवला आणि इंजिनाने दम सोडला. आधी आवाज खाली आला, मग दोन आचके, मग बंद. बोट आडवी होऊन लाटा फुटतात त्या वाळूच्या दांड्याकडे सरकायला लागली. मी नांगर टाकला आणि तो लागला, म्हणून आज हे लिहितोय. भावाची बोट मागून आली, तिने दोर टाकून आम्हाला आत ओढलं. त्या दोन मुलींपैकी धाकटी माझा हात धरून बसली होती. काठाला लागेपर्यंत तिने तो सोडला नाही. त्या दिवसापासून हे इंजिन नुसतं सुरू करून भागणार नाही, दुखणं मुळापासून काढायचं, असं ठरवलं.

मूळ सापडलं ते इंजिनात नव्हतं, टाकीत आणि नळीत होतं. कार्ब्युरेटर दर वेळी साफ होत होता आणि त्याच टाकीतून, त्याच नळीतून तीच घाण त्याच्याकडे परत जात होती. मी ज्या क्रमाने शोधलं तो क्रम खाली देतोय. क्रम महत्त्वाचा आहे. एका दिवसात प्लग, फिल्टर आणि पंप तिन्ही बदललेत तर इंजिन बरं होईलही, पण कशाने बरं झालं ते कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अंधारात हात घालावा लागेल.

काठावर का चालतं?

न्यूट्रलमध्ये किंवा मंद गतीवर इंजिनाला पेट्रोल फारच थोडं लागतं. कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोलसुद्धा काही वेळ पुरतं. ४० एचपीचं टू-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला मात्र तासाला १५ लिटरहून जास्त पितं. नळी अर्धी तुंबलेली असेल, तर मंद गतीला ती पुरते आणि जोर मागितला की पुरत नाही. वाटी रिकामी होते, इंजिन बसतं. दोन मिनिटं थांबलात की वाटी हळूहळू भरते, इंजिन पुन्हा सुरू होतं, आणि आपल्याला वाटतं की गेलं दुखणं.

पिंपात इंजिन बुडवून किंवा पाण्याच्या नळीला ‘कान’ (इंजिनाला पाणी देणाऱ्या रबरी वाट्या) जोडून केलेली चाचणी म्हणूनच अपुरी पडते. तिथे पंख्यावर (प्रोपेलरवर) भार नसतो. तशा चाचणीत कूलिंगचं पाणी येतं का, गिअर पडतो का, हे कळतं. दम आहे का, हे पाण्यात भार घेतल्यावरच कळतं. आणि न्यूट्रलमध्ये थ्रॉटल ओढून दम बघायला जाऊ नका. भार नसताना इंजिन भरमसाट फिरतं आणि त्यात मोडतोड होते.

रबरी बल्ब काय सांगतो

टाकी आणि इंजिन यांच्यामधला रबरी बल्ब आपण फक्त सुरू करताना दाबतो. खरं तर निदानासाठी यापेक्षा स्वस्त साधन नाही. जोडीला एक माणूस घ्या, शांत पाण्यात, भरती चढत असताना, पाहुण्यांशिवाय बोट बाहेर काढा. एकाने सुकाणू आणि थ्रॉटल सांभाळायचा, दुसऱ्याने बल्बाला हात लावून बसायचं. इंजिन दम सोडायला लागलं की त्याच क्षणी बल्ब कसा आहे ते बघायचं.

बल्ब चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर अडथळा बल्बाच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय, टाकीतल्या शोषनळीची जाळी गाळाने भरलीय, किंवा टाकीपासून बल्बापर्यंतची नळी आतून मिटलीय. आधी झाकण सैल करून बघा. तेवढ्याने इंजिन उचललं, तर हवेचा मार्गच बंद होता.

बल्ब मऊ आहे आणि दाबत राहिलं की इंजिन सावरतं, असं असेल तर दोन शक्यता. एक, इंजिनावरचा इंधन-पंप अशक्त झालाय, त्याचा पडदा कडक झालाय किंवा फाटलाय. दोन, पेट्रोलबरोबर हवा ओढली जातेय. टाकीच्या जोडणीवरची छोटी रबरी रिंग वाळून चिरलेली असते आणि तिथून पेट्रोल गळत नाही, पण हवा आत जाते. ही गळती बाहेरून दिसत नाही. रिंग बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून पंप उघडण्याआधी ते करा.

बल्ब दगडासारखा कडक आहे आणि तरी इंजिन उपाशी मरतंय, तर अडथळा बल्बाच्या पुढे आहे: इंजिनाकडे जाणारी नळी, इंजिनावरचा छोटा फिल्टर, किंवा कार्ब्युरेटर. मरत्या इंजिनाला थोडा चोक दिल्यावर ते उचलत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की समजा.

आणि बल्ब, चोक यांपैकी कशानेच फरक पडत नसेल, तर पेट्रोलचा नाद सोडून प्लग काढा. एक प्लग भुरकट कोरडा आणि दुसरा काळा ओला निघाला, तर ओल्या प्लगच्या सिलिंडरला ठिणगी पोचत नाहीये. पावसाळ्यात उंदरांनी वायर कुरतडलेली किंवा प्लगच्या टोपीत हिरवं चढलेलं असतं.

माझ्या बोटीत बल्ब चपटा होत होता. दोन वर्षं आम्ही इंजिनाचे भाग खोलत बसलो होतो आणि दुखणं टाकीच्या बाजूला होतं.

बाटलीत उतरवून बघा

काचेची पारदर्शक बाटली घ्या. टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल नळीने ओढून तिच्यात काढा. वरचं काढून उपयोग नाही, इंजिन तळातूनच ओढतं. तोंडाने ओढू नका, हातपंप वापरा. बाटली अर्धा तास स्थिर ठेवा आणि उजेडात धरा. खाली वेगळा थर दिसला, मधे रेघ दिसली किंवा सगळंच गढूळ दुधट दिसलं, तर ते पेट्रोल त्या बोटीत वापरायचं नाही. वास आंबट, वार्निशसारखा येत असेल तरीही नाही.

हा थर येतो कुठून ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते लगेच तळाला बसतं आणि ओळखता येतं. इथेनॉल मात्र पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी गेलं तर पेट्रोल वरकरणी ठीक दिसतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं किंवा रात्रीच्या गारव्याने तापमान उतरलं, की ते इथेनॉलला घेऊन एकदम खाली बसतं. वरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल गेल्याने त्याचा ऑक्टेन उतरतो, आणि खालचा थर तर जळण्याच्या लायकीचाच नसतो.

टू-स्ट्रोकवाल्यांना यात आणखी मोठा धोका आहे. ५०:१ च्या प्रमाणात, म्हणजे लिटरला २० मिली, जे टू-टी ऑइल आपण मिसळतो ते वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. तळाचा पाणी-इथेनॉलचा थर तेलाशिवाय असतो. इंजिनाने तोच ओढला तर ते नुसतं आचके देऊन थांबत नाही, आतून कोरडं घासलं जातं. पिस्टन पकडला की खर्च नळीच्या आणि रिंगच्या खर्चाच्या कित्येक पट.

वेगळं झालेलं पेट्रोल टाकी हलवून किंवा त्यात ताजं पेट्रोल ओतून सुधारायचा प्रयत्न करू नका. पूर्ण काढा. ते वाळूत किंवा खाडीत तर मुळीच ओतू नका. जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. खाडीतलं पाणी आपल्याच जाळ्यांतून आणि कालवांतून आपल्या ताटात येतं.

माझ्या टाकीत पाणी गेलं ते झाकणातून. झाकणातली रबरी चकती उन्हाने कडक होऊन चिरली होती. शाकारताना टाकी मी बोटीतच ठेवायचो आणि ताडपत्रीची पन्हळ नेमकी तिच्यावर उतरायची. पावसाळाभर थेंब थेंब आत जात राहिले. कार्ब्युरेटर साफ करणाऱ्या माणसाकडे टाकी मी कधी नेलीच नव्हती, त्यामुळे ते त्याला दिसणार कसं? चकती बदलली, टाकी तळापर्यंत रिकामी करून थोड्या ताज्या पेट्रोलने दोनदा विसळली, शोषनळीची जाळी काढून धुतली. जाळीवर तपकिरी जेलीसारखा थर होता.

झाकण बघताना हवेचं भोकही बघा. कुंभारीण माशी पावसाळ्यात असल्या भोकांत मातीचं घर करते. हवेच्या भोकात केलं तर टाकी श्वास घेत नाही, कूलिंगच्या पाण्याच्या भोकात केलं तर इंजिन तापतंय असं वाटतं. आमच्या वाडीत दोन्ही झालेलं आहे.

आतून सोललेली नळी

टाकी साफ करून ताजं पेट्रोल भरल्यावर इंजिन बरंच सुधारलं, पण पूर्ण थ्रॉटलला अजून अडखळायचं. बल्ब अजूनही किंचित आत ओढला जायचा. शेवटी टाकीकडच्या नळीचा तुकडा मी उभा चिरला. बाहेरून नळी धडधाकट होती. आतलं अस्तर मात्र सुटून त्याची जीभ लोंबत होती. हळू ओढलं की पेट्रोल जिभेच्या बाजूने जायचं, जोरात ओढलं की जीभ आडवी पडून वाट बंद. दार लागावं तसं. तीन वर्षांचं कोडं त्या दीड इंचाच्या रबरात होतं.

जुन्या नळ्यांचं अस्तर इथेनॉल सोडवतं. त्यामुळे नळी वाकवून, बाहेरून तडे बघून समाधान मानू नका. पाच वर्षांहून जुनी असेल, किंवा किती जुनी ते आठवत नसेल, तर बल्बासकट नवीन घ्या. घेताना इथेनॉलला चालणारी, बोटीच्या पेट्रोलसाठी असलेलीच मागा. बागेची पारदर्शक नळी चार महिन्यांत कडक होते आणि जोडणीवर चिरते. बल्बावरचा बाण इंजिनाकडे असायला हवा. पहिल्यांदा भरताना बल्ब उभा, बाण वर करून धरा, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात.

जमलं तर टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा, १० मायक्रॉनचा फिरकीचा फिल्टर बसवा. मी तो त्याच वर्षी बसवला. दर महिन्याला काढून बाटलीत उलटा करतो आणि पाण्याचे थेंब मोजतो.

हे सगळं झाल्यावरच कार्ब्युरेटर

आता कार्ब्युरेटर उघडायला अर्थ आहे. वाटीच्या तळाचा स्क्रू काढून आधी जे निघतं ते बाटलीत घ्या, त्यावरून आत काय असेल याचा अंदाज येतो. मंद गतीचा पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल जायचं पितळी भोक) इतका बारीक असतो की सुकलेल्या पेट्रोलचा डिंक सर्वांत आधी तिथेच धरतो. इंजिन मंद गतीला टिकत नसेल पण थ्रॉटल दिल्यावर चालत असेल, तर तो तुंबलाय. उलट मंद गतीला छान आणि जोर दिला की नाही, बल्ब कडक, तर मेन जेट.

जेट साफ करायला स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडतं. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा आणि कंप्रेसरची हवा, आणि फारच हट्टी असेल तर तंगुसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनचा, बारीक धागा. वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई अडकून पेट्रोल ओघळत नाही ना तेही बघा. काम उघड्यावर, वाऱ्यावर करा. बॅटरीची जोडणी सुटलेली आणि विडी-सिगारेट लांब. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, बोटीच्या तळाशी साठून राहते आणि एक ठिणगी पुरते.

चार-स्ट्रोक, इंजेक्शनवालं इंजिन असेल तर बल्बाची परीक्षा फक्त कमी दाबाच्या बाजूपुरती चालते. पुढचा उच्च दाबाचा पंप आणि इंजेक्टर घरी उघडायचं काम नाही. टाकी, नळी, फिल्टर इतकं आपण चोख केलं तर त्या महागड्या भागांपर्यंत घाण पोचतच नाही.

पाणी येतंय का?

पेट्रोलनंतर दुसरं मोठं दुखणं कूलिंगचं. इंजिनाखालच्या पंपातला पाणी ओढणारा रबरी इम्पेलर महिनोन्‌महिने एकाच जागी दाबून राहिला की त्याची पाती वाकलेली ती वाकलेलीच राहतात. आपल्या खाडीच्या तोंडाशी पाण्यात वाळूही फार, त्यामुळे तो झिजतोही लवकर. मी दर सप्टेंबरला, बघत न बसता, तो बदलतो. जुन्याचं पातं तुटलेलं निघालं तर तो तुकडा शोधायलाच हवा. तो वर पाण्याच्या वाटेत जाऊन अडकतो आणि नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. नवा घालताना पाती फिरण्याच्या उलट दिशेला नीट वळलेली आहेत ना ते बघा, साबणाचं पाणी लावा, आणि शाफ्टवरची छोटी चावी हरवू देऊ नका.

पाण्याशिवाय इंजिन ‘फक्त सुरू होतं का बघायला’ लावण्याची सवय मोडा. काही सेकंदांत रबर जळतं.

इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक असेल तर घाबरण्याआधी बाहेरच्या भोकात तंगूस सरकवा. अर्ध्या वेळा मीठ किंवा माती निघते. धार चांगली आहे पण पाणी कढत येतंय, किंवा अलार्म वाजतोय, तर थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप) काढा. मिठाने तो अडकतो. पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवा, थर्मामीटर ठेवा आणि हळू तापवा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला पाहिजे, आणि गार झाल्यावर बंद झाला पाहिजे. मीठ व्हिनेगरात भिजवून सुटतं. आमच्याकडे बरेच जण थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकतात. मला ते पटत नाही. इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं, प्लग काळे होतात, आणि दोन महिन्यांनी पुन्हा ‘दम नाही’ ही तक्रार घेऊन आपण कार्ब्युरेटर उघडत बसतो.

गिअर, बॅटरी आणि बाकीचं

गिअर ऑइलचा खालचा स्क्रू काढून चार थेंब बोटावर घ्या. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी आत गेलंय. आपल्या किनाऱ्यावर याचं कारण बहुतेक वेळा एकच: पंख्यामागे गुंडाळलेली तंगूस. ती शाफ्टवर आवळत जाते आणि सील कापते. पंखा काढून मागे बघितल्याशिवाय कळत नाही. नवं ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालची नळी काढायची. वॉशर दोन्ही नवे.

बॅटरी तीन महिने चार्जिंगशिवाय राहिली असेल तर आधी चार्ज करा; पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर १२.६ च्या आसपास हवी. १२ च्या खाली महिनाभर पडून राहिली असेल तर चार्ज करूनही तिचा भरवसा धरू नका. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर ती बदला. बॅटरी चांगली आणि तरी सेल्फ मरतुकडा, तर निगेटिव्ह वायर इंजिनाला जिथे बसते तो बोल्ट उघडून घासा. आणि इंजिन काहीच प्रतिसाद देत नसेल तर सगळ्यात आधी किल स्विचची लाल क्लिप जागेवर आहे का आणि गिअर न्यूट्रलला आहे का ते बघा. ती क्लिप चालवताना मनगटाला बांधा. चालक पाण्यात पडला तर तीच इंजिन बंद करते.

इंजिन फिरतच नसेल, दोरी हलतच नसेल, तर जोर लावू नका. प्लग काढा, भोकांतून दोन-दोन चमचे टू-टी ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हाताने फ्लायव्हील हळूहळू मागेपुढे करा.

इंजिनाचा धातू खाऱ्या पाण्यात गंजू नये म्हणून लावलेला जस्ताचा तुकडा निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदला, आणि त्याच्यावर रंग लावू नका, रंग लावला की तो काम करत नाही. बोट कायम खाडीच्या मचूळ पाण्यात राहत असेल तर ॲल्युमिनियमचा चांगला. सुकाणूची केबल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ग्रीस द्या. तळाचं बूच लावलंय का, हे बोट पाण्यात ढकलण्याआधी एकाने मोठ्याने विचारायचं आणि दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यायचं. आमच्याकडे ते काम बाबांचं, आणि ते कधी चुकलं नाही. लाइफ जॅकेटांचे पट्टे ओढून बघा. पावसाळ्यात उंदीर शिवण कुरतडतात आणि वरून दिसत नाही.

पाहुणे घेण्याआधीची फेरी

सगळं झालं तरी पहिली फेरी मी रिकाम्या बोटीने, खाडीच्या आत, भरतीच्या वेळी करतो. बरोबर वल्ही, नांगर, आणि काठावर दुसरी बोट तयार. दहा मिनिटं मंद, दहा मिनिटं मध्यम, मग किमान पाच मिनिटं पूर्ण थ्रॉटल. अडथळा थोडाच असेल तर वाटी हळूहळू रिकामी होते, म्हणून दोन मिनिटांच्या पळवण्यावर विश्वास ठेवू नका. नंतर वाळूच्या पिशव्या, साधारण आठ माणसांच्या वजनाच्या, भरून पुन्हा तेच. सुरुवातीचा पांढरा धूर साठवणीच्या तेलाचा असतो, तो जायला हवा. परत आल्यावर प्लग बघायचे, फिल्टर उलटा करायचा, गिअरच्या सीलपाशी ऑइलचा तवंग आहे का बघायचं. यातलं काहीही खटकलं तर त्या दिवशी मी बुकिंग घेत नाही. पाहुण्यांना फोन करून सांगतो. बहुतेक जण समजून घेतात.

शाकारताना आता मी काय करतो, तेही लिहितो, कारण सप्टेंबरचं निम्मं काम तिथेच होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात तेल मिसळलेलं पेट्रोल पाच-पाच लिटरच बनवतो, म्हणजे उरत नाही. उरलंच तर शेजाऱ्याच्या चालू इंजिनाला देतो. स्कूटरमध्ये घालत नाही, ती चार-स्ट्रोक आहे. शेवटच्या दिवशी गोड्या पाण्यात पंधरा मिनिटं चालवून मीठ धुतो, मग पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो आणि वाटीचा स्क्रू काढून राहिलेलं थेंबन्‌थेंब सोडतो. प्लगच्या भोकांत चमचाभर ऑइल, चार वेळा दोरी ओढायची. इंजिन उभंच ठेवतो, आडवं कधीच नाही, नाहीतर पायातलं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातलं, पाणी सिलिंडरकडे जातं. टाकी रिकामी, कोरडी, घरात माळ्यावर. कूलिंगच्या पाण्याच्या भोकात कापडाची वात घालतो कुंभारणीसाठी, आणि तिला लाल दोरा बांधून तो इंजिनाच्या झाकणाबाहेर लोंबता सोडतो, म्हणजे सप्टेंबरात ती काढायची राहत नाही.